बाईंना विचारा : आधी मोजा, मग बोला

मागच्या अंकात एका सरपंचांना उत्तर देताना मी लिहिलं होतं, की हवामान बदलावर बोलायला शहरातून वक्ता आणू नका, गावातलीच चार माणसं तयार करा. त्यावर पत्रं आली, फोन आले आणि संपादकांनी या वेळचं सगळं सदरच त्या विषयाला देऊन टाकलं. बहुतेकांचं म्हणणं एकच : बाई, सांगणं सोपं आहे, तयार करायची कशी? निवडक पत्रं खाली घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली. दोन पत्रांत गावातल्या मंडळींबद्दल इतकं मोकळं लिहिलंय, की ते नावासकट छापलं तर लिहिणाऱ्याला पारावर बसता यायचं नाही.

प्रश्न : तालुक्याला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर बर्फ वितळताना दाखवला, पांढरं अस्वल दाखवलं, कार्बनचं चक्र दाखवलं. मला समजलं. पण बचत गटाच्या बैठकीत सांगायला उभी राहिले तर बाया हप्त्याच्या वह्या चाळायला लागल्या. एक जण म्हणाली, "ताई, ते अस्वलाचं जाऊ द्या, सोयाबीनचं काय ते सांगा." सुरुवात कुठून करू?
— कृषी सखी, ता. कळंब, जि. धाराशिव

उत्तर : त्या बाईचे आभार माना. प्रशिक्षण जिथं थांबलं, तिथून पुढचा धडा तिनं सांगितलाय.

अस्वलावर माझा राग नाही. ध्रुवावरचा बर्फ खरोखर घटतोय. पण ती गोष्ट तुमच्या तोंडून कुणी का ऐकावी? ती तुम्हीसुद्धा पडद्यावरच बघितलीय. तुमच्या तोंडून ऐकावी अशी गोष्ट तुमच्याच गावात पडते, आणि ती कुणी मोजत नाही.

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. आवारात पर्जन्यमापक होतं आणि सकाळी साडेआठला नोंद घ्यायचं काम सातवीच्या पोरांकडं होतं. एरवी सातवीतल्या पोराचं घरात कोण ऐकतं? पण "आज चाळीस पडला" असं पोरगं म्हणालं की बाप चहाचा कप खाली ठेवून विचारायचा, "आन् काल?" तो आकडा गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता ना. बोलणारी माणसं तयार करायची म्हणजे काय, याचं माझं उत्तर तेव्हापासून हेच आहे. आधी मोजायला शिकवा. बोलणं त्याच्या मागून येतं.

दुकानात प्लास्टिकचं साधं पर्जन्यमापक मिळतं. नाही मिळालं तर सरळ कडांचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवा. झाड, भिंत, पत्र्याची वळचण यांच्यापासून लांब. रोज साडेआठला पट्टीनं खोली मोजायची, वहीत लिहायची, पाणी ओतून द्यायचं. पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. हे शून्य लोक हमखास गाळतात. पावसाचा खंड किती दिवसांचा होता ते तर त्याच्यावरूनच कळतं.

मग गटात हे गणित खडूनं फरशीवर मांडा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. एकर साधारण ४,००० चौरस मीटरचा. म्हणजे ६५ मिलिमीटर पडला तर एका एकरावर २ लाख ६० हजार लिटर पाणी पडलं. १० हजार लिटरचे २६ टँकर. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिच्या पहिल्या खेपेत होतं ५ लाख लिटर. सव्वाशे एकरांवर १ मिलिमीटर पाऊस झाला की तेवढं पाणी पडतं. एकच मिलिमीटर. हे मांडून झाल्यावर कुणी हप्त्याची वही चाळत बसलं तर मला कळवा.

६५ चा आकडा मी उगाच घेतला नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की तिथं अतिवृष्टी धरतात. तुमचं गाव मंडळाच्या केंद्रापासून आठ-दहा किलोमीटरवर असेल, तर तिथं ३० आणि तुमच्या रानात ९० हे सहज होतं. पण सरकारी भरपाई मंडळाच्या नोंदीवरून ठरते, तुमच्या वहीवर ती मिळत नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर दिवाळीपर्यंत वही बदनाम होते आणि वहीबरोबर तुम्हीही.

दुसऱ्या बैठकीत वर्षांची रेघ ओढा. बायांना सन आठवत नाही, पण "थोरलीचं लग्न झालं त्या साली गारा पडल्या" हे पक्कं आठवतं. ती २०१४ ची फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. मग रेल्वेचं २०१६. मग २०२१ चा सप्टेंबर, मांजरा आणि तेरणा धरणांचे दरवाजे उघडले ते. मग २०२३ चा कोरडा ऑगस्ट. मग २०२५ चा सप्टेंबर. कुणीतरी १९९३ चा भूकंपही रेघेवर आणून ठेवेल. ठेवू द्या. नंतर हळूच बाजूला काढा आणि सांगा, की हा जमिनीच्या पोटातला, त्याचा हवेशी संबंध नाही. काय हवामान बदलात धरायचं नाही, हे लोकांना यातून आपोआप कळतं.

रेघ झाली की विचारा : सोयाबीनला दणका कुठं बसतो? उत्तर बायाच देतील. पेरल्यावर उघडीप पडते आणि दुबार पेरणी करावी लागते. शेंगा भरताना खंड पडतो. आणि काढणीला आलं की पाऊस कोसळतो, गंजीतल्या शेंगांना मोड येतात. आता, आणि आताच, दोन मिनिटं विज्ञान. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत कार्बन डायऑक्साइड साठला. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर १० लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. पृथ्वीवर आधीच एक गोधडी होती, ती आपण जाड केली. आणि तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, दर अंशाला साधारण ७ टक्के. म्हणून धरते तेव्हा धरूनच बसते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. एवढं पुरे. कार्बनचं चक्र तुमच्याजवळच राहू द्या, कुणी विचारलं तर सांगा.

बैठक उठण्याआधी एकच काम ठरवा. माझ्या मते पहिलं काम हे : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कुणी पेरायचं नाही, आणि तो झाला की नाही हे गटाच्या वहीवरून ठरवायचं. त्याच्या पुढच्या वर्षी रुंद वरंबा सरीवर पेरणी, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक आणि दोन वरंब्यांमध्ये सरी. सरीत खंडाच्या काळात ओल टिकते आणि पाऊस जास्त झाला तर तिच्यातूनच पाणी निघून जातं. बोलण्याच्या शेवटी असं हाताला लागणारं काही नसलं तर पुढच्या बैठकीला बाया येत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्न : मी बीएस्सी करतोय. पारावर हवामान बदलाचं काही काढलं की आमचे एक आजोबा म्हणतात, "पाऊस काय आजच बिघडलाय का? आम्ही बहात्तर बघितलंय." सगळे हसतात. त्यांचा अपमान न करता काय उत्तर द्यावं?
— एक विद्यार्थी, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : उत्तर देऊ नकोस. प्रश्न विचार.

आजोबा खोटं बोलत नाहीत. मराठवाड्याचा पाऊस कधीच भरवशाचा नव्हता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि ती सरासरीसुद्धा एखाद्याच सालाला नीट जुळते. तेव्हा "आधी सगळं सुरळीत होतं" असं वाक्य तुझ्या तोंडून गेलं की तू हरलास. ते खरंच नाही.

त्यांना विचार, बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं? लाल मिलोची भाकरी, सुकडी, दुष्काळी कामावर फोडलेली खडी, सगळं येईल. रोजगार हमीचा कायदा त्याच हालअपेष्टांतून पुढे १९७७ साली झाला, हे त्यांना तू सांगू शकतोस. त्यांना बरं वाटेल, कारण तो त्यांच्या घामाचा कायदा आहे. मग विचार, प्यायचं पाणी कुठून आणायचात? आपल्याकडचे बहुतेक म्हातारे एकच सांगतात : धान्य नव्हतं, पण विहिरीच्या तळाला पाणी होतं. २०१६ ला उलटं झालं. दुकानात गहू-तांदूळ होता आणि पाणी रेल्वेनं आलं.

आता इथं एक खड्डा आहे, त्यात पडू नकोस. विहिरी आटल्या त्याचं सगळं खापर हवामान बदलावर फोडू नकोस. बोअर पाचशे-सातशे फुटांखाली कुणी नेले? पिण्याला पाणी नाही त्या तालुक्यात ऊस कुणी लावला? पारावरच्या निम्म्या लोकांनी. त्यांना ते माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे हे त्यांना कळलं पाहिजे. जो माणूस "हे आपलं, हे हवेचं" असं वेगळं करून दाखवतो, त्याचं हवेबद्दलचं बोलणं लोक खरं मानतात. सगळंच हवेवर ढकलणारा पुढाऱ्यासारखा वाटतो.

हे झाल्यावर तुझे दोन आकडे काढ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. आणि केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. आजोबांचं बहात्तर हे एक साल आहे. हवामान म्हणताना निदान तीस वर्षांची सरासरी बघतात. हे सांगताना आवाज चढवू नकोस. आणि जमलं तर आजोबांनाच वर्षांच्या रेघेचं पहिलं टोक धरायला बसव. मला विचारशील तर गावातला सगळ्यात चांगला हवामान-वक्ता तेच आहेत, फक्त त्यांना अजून कुणी नेमलेलं नाही.

प्रश्न : आपल्याकडे मराठीत तयार पीपीटी आहे का? असल्यास पाठवावी.
— एक शिक्षक, जि. हिंगोली

उत्तर : माझ्याकडं नाही. असती तरी पाठवली नसती. अमेरिकेत माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी २००६ पासून माणसांना शिकवून स्लाइड दाखवायला धाडलं, आणि तिथं सभागृहात तास-तास बसणारे श्रोते असतील तर ते बरोबरच आहे. आपल्याकडं संध्याकाळी सातला सभामंडपात लाइट असेल याची खात्री देता का? त्यापेक्षा गावाचा नकाशा पोरांकडून जमिनीवर काढून घ्या आणि ओढा कुठून शिरला ते दाखवायला लावा.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आम्ही काही जण मदत घेऊन सीनाकाठच्या एका गावात गेलो. वाटप झाल्यावर आमच्यातल्या एकानं हवामान बदलावर बोलायला सुरुवात केली. एक शेतकरी उठून म्हणाला, "माझं रान वाहून गेलंय आन् तुम्ही मला शाळा शिकवायलात का?" आम्ही खाली माना घालून परतलो. यातून काय शिकायचं?
— एक कार्यकर्ता, ता. परंडा, जि. धाराशिव

उत्तर : वेळ शिकायची. जमीन खरडून गेली म्हणजे नुसतं पीक गेलं असं नाही, मातीच गेली. खाली मुरूम उघडा पडला. ज्याच्या बापानं गाळ टाकून ते रान केलं, त्याच्यापुढं "जागतिक तापमानवाढ" असे शब्द काढायचे नसतात. त्या आठवड्यात तुम्ही बोलायला नव्हे, लिहायला बसायला हवं होतं. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत कुणाचे फोटो काढायचे राहिले, कुणाची जनावरं वाहून गेली आणि नोंद नाही, कुणाचं आधार कार्डच पुरात गेलं. ज्यानं हे अर्ज भरून दिले, त्याला तेच गाव पुढं सहा महिन्यांनी विचारतं, "का हो, हे असं दर दोन-चार सालाला व्हायलंय, कारण काय?" तो प्रश्न आला की बोलायचं.

तुमच्यातल्या त्या मित्राला रागावू नका. त्याला जाऊन त्या शेतकऱ्याशेजारी बसायला सांगा आणि ओढ्याचं पात्र आधी कुठून होतं, कुणी बुजवलं, पाणी कुठल्या बांधावरून चढलं, हे विचारून घ्यायला सांगा. पाऊस आभाळातून जास्त आला हे खरं, पण तो शिवारात कसा फिरला हे नाल्यांनी आणि रस्त्यांच्या मोऱ्यांनी ठरवलं. येत्या मे महिन्यात मोऱ्या उघडायच्या असतील, तर ते बोलणं ग्रामपंचायतीत मार्चमध्येच काढावं लागेल. ऐन जूनमध्ये जेसीबी मिळत नाही, मिळालाच तर भाडं दुप्पट.

प्रश्न : मी कीर्तन करतो. सप्ताहात हवामानावर चार शब्द बोलावेत अशी तरुणांची इच्छा आहे. कीर्तनात हे बसेल का?
— एक कीर्तनकार, ता. पैठण

उत्तर : महाराज, तुम्हाला मी काय सांगावं! पैठणचीच भूमी, भारुडाची. सोंग घेऊन गंभीर गोष्ट गळी उतरवायची रीत तुमच्या घरची आहे. टँकरवाल्याचं सोंग आणा, पेरून बसलेल्या कुणब्याचं आणा, आभाळाकडं बघून खत उधार देणाऱ्या दुकानदाराचं आणा. पाच मिनिटं बास. पूर्वरंगात नको, उत्तररंगात घ्या, तोवर मंडळी रंगलेली असतात.

फक्त एक हात जोडून विनंती. "पाप वाढलं म्हणून पाऊस फिरला" हे वाक्य टाळा. मंडपात समोर बसलेला माणूस कर्ज काढून दुबार पेरणी केलेला असतो. त्याला वाटतं, पाप माझंच. कोळशाचा धूर त्यानं केला नाही, आणि त्याला अपराधी वाटायला लावून पुण्यही लागत नाही. आपल्याकडं खचलेल्या माणसाला अजून खचवणारं बोलणं फार महाग पडतं, हे तुम्ही गावोगाव फिरता, तुम्हाला ठाऊक आहे. भीती घातली की लोक टाळ्या वाजवतात, पण दुसऱ्या दिवशी कुणी काही करत नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याला हजार माणूस जेवतं. त्या पंगतीला लागणारं पाणी कुठून आलं एवढं जरी माइकवरून सांगितलंत तरी मला चालेल.

प्रश्न : मी गटात छान बोलते. पावसाची वही दोन वर्षं ठेवलीय. पण ग्रामसभेत उभं राहायची हिंमत होत नाही. पुढच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष, आणि आमच्या घरातले सासरे तिथंच.
— बचत गटाची सचिव, ता. निलंगा, जि. लातूर

उत्तर : किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण सुरू झालं, तेव्हा महिला मंडळांतल्या बायांना "संवाद सहायक" म्हणून नेमलं होतं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. ज्या बाया गवंड्यासमोर पदर सावरून उभ्या राहायच्या, त्या घरोघर जाऊन सांगायच्या की कोपरा कसा बांधायचा, भूकंपात भिंत धरून ठेवणारी पट्टी कुठं टाकायची, अनुदानाचा हप्ता कधी येतो. त्यातल्या कितीतरी जणी तुमच्या-माझ्या तालुक्यातल्या. आज त्या सासवा झाल्यात. गावात शोधा, एखादी भेटेलच. ग्रामसभेला तिला शेजारी बसवा.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. ती खरोखर घ्यायला लावा आणि तिथं ठराव मांडा. मग ग्रामसभेत तुम्हाला भाषण करायचं नाही, ठराव वाचायचा आहे. वाचणं सोपं असतं, मान खाली घालूनही होतं. वही हातात ठेवा. "जूनमध्ये इतका पडला, त्यात इतके दिवस शून्य, सप्टेंबरात एका रात्रीत इतका" एवढे तीन आकडे वाचा आणि शेवटी मागणी वाचा. कुणी म्हणालं, "हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणा, "मीच मोजलंय." सासऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना आदल्या दिवशी वही दाखवून ठेवा. जमलं तर एखादा दिवस त्यांनाच मोजायला पाठवा.

प्रश्न : अमेरिका-युरोपनं धूर केला आणि आम्ही शेतकऱ्यांनी का सुधारायचं? असं विचारल्यावर आमच्या प्रशिक्षकांनाही उत्तर देता आलं नाही.
— एक ग्रामपंचायत सदस्य, जि. नांदेड

उत्तर : प्रश्न बरोबर आहे, आणि "होय, खरं आहे" हेच उत्तर आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड, आपल्याकडं सुमारे २ टन, आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा त्याहूनही कमी. झालेल्या नुकसानीसाठी जागतिक निधी असावा हे २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत मान्य झालं, म्हणजे हा हिशोब जगालाही कबूल आहे. प्रशिक्षक इथं गडबडतात, कारण त्यांना वाटतं आपण हरलो. हरायचं काय त्यात?

पण सरी काढणं, नाला उघडणं, शेततळ्याला कागद घालणं हे काही धुराचं प्रायश्चित्त नाही. ते आपलं रान वाचवणं आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. आणि आपल्या दारातलंही बघा : परळीचं औष्णिक वीजकेंद्र कोळशावर चालतं आणि २०१५ साली पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. कोळशाला सुद्धा पाऊस लागतो, हे परळीइतकं स्पष्ट कुठं दिसणार?

प्रश्न : आमच्या संस्थेला वीस गावांत असे बोलणारे लोक तयार करायचे आहेत. कुणाला निवडावं, किती दिवसांचं शिबिर घ्यावं, आणि जमलं की नाही हे कसं ओळखावं?
— एक संस्थाचालक, जालना

उत्तर : छान बोलणारा निवडू नका. तो आधीच कुठल्या तरी पक्षाचा असतो. ज्याच्याकडं लोक काही ना काही विचारायला जातात तो निवडा : आशाताई, पशुसखी, कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसणारा पोरगा, टँकरचा ड्रायव्हर. कृषी केंद्रवाला सोडू नका. पेरणीचा निर्णय निम्मा त्याच्या काउंटरवर होतो.

शिबिराचे दिवस विचारता? शिबिर नको, हंगाम धरा. मे महिन्यात पर्जन्यमापक हातात द्या आणि दिवाळीपर्यंत महिन्यातून अर्धा दिवस बोलवा. येताना वही आणायची. सराव जोडीजोडीनं : एकानं तीन मिनिटं बोलायचं, समोरच्यानं फक्त दोन प्रश्न विचारायचे, "कशावरून?" आणि "मग मी काय करू?" हवामान बदल होतोय हे पटवण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सी-व्होटर ही सर्वेक्षण संस्था यांच्या २०२२ च्या अहवालात भारतातल्या ५४ टक्के लोकांनी सांगितलं, की जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला थोडंसंच माहीत आहे किंवा काहीच ऐकलेलं नाही. पण दोन ओळींत समजावून विचारल्यावर ८४ टक्के म्हणाले, होय, हे घडतंय. पटलेल्या माणसाला पुन्हा पटवत बसलं की तो उठून जातो.

तुमच्या जालन्यातच कडवंची गाव आहे. पाणलोटाचं काम, शेततळी, द्राक्षबागा. तिथं सहल काढा, पण नुसते फोटो काढायला नव्हे. प्रत्येकानं तिथल्या एका माणसाला काय अडलं होतं, भांडणं कुठून झाली, पैसा कुठून आला हे विचारून यायचं. यशोगाथा सगळेच सांगतात. भांडण कसं मिटलं हे सांगणारा वक्ता गावाला खरा उपयोगी.

जमलं की नाही याची माझी खूण एकच. सरावात मी अवघड प्रश्न टाकते. जो "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणतो आणि पुढच्या महिन्यात खरोखर विचारून येतो, तो तयार झाला. बाकीच्यांना अजून एक हंगाम द्या.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर रोज पावसाचे वेगवेगळे अंदाज फिरतात. आमच्या हवामान गटानं कुणाचा अंदाज पुढे पाठवावा? आणि विजेबद्दल काय सांगावं? गेल्या साली आमच्या शिवारात वीज पडून एक जण गेला.
— एक वाचक, ता. पाथरी, जि. परभणी

उत्तर : तुम्ही परभणीचे, आणि हे मला विचारता! वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. तो आणि भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा, हे दोनच पुढे पाठवा. ज्या संदेशावर तारीख नाही आणि कुणी दिला ते नाही, तो तिथंच थांबवायचा, मग तो गटप्रमुखाच्या मेव्हण्यानं का पाठवलेला असेना. आणि अंदाज चुकला तर "चुकला" असं गटावर लिहा, आकड्यासकट.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं "दामिनी" ॲप गटातल्या प्रत्येक फोनवर घालून द्या, गुराख्यांच्या फोनवर आधी. कडाडायला लागलं की झाडाखाली थांबायचं नाही. मोकळ्या रानात आडवं पडायचं नाही. पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत घालून उकिडवं बसायचं, आणि घोळका करायचा नाही. पक्कं घर जवळ असेल तर त्यात जायचं, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नको. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो असं गावोगाव मानतात, ते साफ खोटं आहे. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरू करायचं आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा. हे बोलून दाखवू नका, गटात एकाला जमिनीवर निजवून दाखवा, मात्र त्याच्या छातीवर जोर देऊ नका. खरा दाब उशीवर द्यायचा, आणि तो प्रत्येकाकडून करून घ्यायचा.